पिशवी घेऊन या

जुलैचा शेवटचा आठवडा. मासेमारी बंदी उठायला चार दिवस राहिले होते, लावणी आटपत आली होती आणि आमच्या ग्रामीण रुग्णालयात बालरोग ओपीडीला जुलाबाची रांग लागली होती. विहिरींत पावसाचं गढूळ पाणी उतरलं की दर वर्षी हेच. रांगेतलं पहिलं बाळ चार महिन्यांचं. वजन 5.4 किलो; महिन्यापूर्वीच्या लसीच्या कार्डावर 5.7 लिहिलेलं. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश खाली बसत होती.

"आवशीचा दूध बंद आसा, पाच दिस झाले," आजीने सांगितलं. "तिका औषध चालू आसा मां."

आईला रक्ताचे जुलाब झाले होते. औषध मेट्रोनिडाझोल 400 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. देताना कुणीतरी म्हणालं होतं, औषध कडक आहे, अंगावर पाजू नका. मग बाळाला काय द्यायचं आणि भरलेल्या छातीचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पहिले दोन दिवस छाती दगडासारखी झाली, आजीने जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधली आणि चौथ्या दिवसापर्यंत दूध ओसरलं. बाळाला बाटलीने पावडरचं दूध सुरू झालं. डब्यावर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा लिहिलेलं असतं. इथे डबा महिनाभर पुरवायचा म्हणून अख्ख्या बाटलीला दोन चमचे पडत होते. मधेमधे पेजेचं पाणी. बाटली सकाळी एकदा उकळायची, मग दिवसभर नुसती विसळायची.

मेट्रोनिडाझोल दुधात उतरतं, हे खोटं नाही. आईच्या रक्तात जेवढं, जवळपास तेवढंच दुधात येतं. पण 400 मिलिग्रॅम तीनदा घेणाऱ्या आईच्या दुधातून बाळाला दिवसाला किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम मिळतं. बाळालाच अमिबाचे जुलाब झाले तर हेच औषध आपण दिवसाला किलोमागे 35 ते 50 मिलिग्रॅम देतो. दूध किंचित कडवट लागेल, बाळाची शी थोडी पातळ होईल, तोंडात पांढरा थर धरेल, इतकंच सांगायला हवं होतं. एकाच वेळी 2 ग्रॅमचा डोस द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी दूध काढून ठेवायचं आणि डोसनंतर 12 ते 24 तास तेच वाटी-चमच्याने पाजायचं. आमच्याकडे पावसात वीज जाते, तेव्हा फ्रिजच्या भरवशावर चार दिवसांचं दूध कुणी साठवू नये. बाहेर ठेवलेलं दूध चार तासांत संपवावं.

बाळाला ओआरएस सुरू केलं. किलोमागे 75 मिली म्हणजे साधारण 400 मिली, चार तासांत. आजीला हिशोब असा सांगितला: दर तीन मिनिटांनी एक चमचा, घड्याळ बघून. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सावकाश सुरू करायचं. त्यांना कोपऱ्यातल्या खाटेवर बसवलं आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढचं बाळ आठ दिवसांचं. पहिलटकरीण, सिझेरियन दुसऱ्या गावी झालेलं, बाळंतपणाला माहेरी आलेली. सोबतच्या आजीची तक्रार काय, तर "जरा पिवळा दिसता, कावीळ बघा." आणि मग कौतुकाने, "पण पोर शाना हां, रडणाच नाय. रात्रभर निजता."

आठ दिवसांचं बाळ रात्रभर निजतं, हे कौतुक ऐकलं की आधी वजनकाटा. जन्माचं वजन 2.9 किलो, आज 2.58. म्हणजे अकरा टक्के घट. पहिल्या तीन-चार दिवसांत सात-आठ टक्के उतरणं चालतं, पण आठव्या दिवशी वजन परत चढायला लागलेलं असलं पाहिजे. लंगोट दिवसभरात दोनच ओले. शी दोन दिवसांत नाही. तळव्यावर टिचक्या मारल्या तर तोंड वाकडं केलं आणि परत झोप. तोंडात बोट दिलं, दोनदा चोखलं, सोडून दिलं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की तान्ह्या बाळात हमखास चुकतं, कारण त्यांचा श्वास मुळातच तालात नसतो. मिनिटात 22 भरले. या वयात 30 ते 60 हवेत. मधे एकदा मी घड्याळाकडे बघत असताना दहा सेकंद काहीच हललं नाही. ऑक्सिजन 88. खांद्याखाली दुपट्याची घडी सरकवून मान सरळ केली, ऑक्सिजन लावला, गरज पडली तर श्वास द्यायला बॅग-मास्क उशाशी आणून ठेवला. साखर 58, ठीक. कावीळ होती, पण या झोपेचा दोष तिच्यावर टाकावा एवढी नव्हती. इतक्या लहान बाळाची सुस्ती म्हणजे जंतुसंसर्ग धरूनच चालावं लागतं, म्हणून कल्चरचं रक्त काढलं आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला. डोळ्यांत टॉर्च मारायला पापण्या उघडल्या तर बाहुल्या उजेडाआधीच टाचणीच्या टोकाएवढ्या.

जंतुसंसर्गात बाहुल्या अशा होत नाहीत.

आईला विचारलं, औषधं काय चालू आहेत? "काही नाही, ऑपरेशनच्या गोळ्या आहेत त्याच." हे उत्तर रोजचं आहे. बायका खोटं बोलत नाहीत. खोकल्याचं औषध, झोपेची अर्धी गोळी, शेजारणीने दिलेला काढा, यांतलं काहीच त्यांच्या हिशोबात औषध नसतं. म्हणून औषधांची नावं विचारण्यात वेळ न घालवता पिशवी मागवायची. भाऊ रिक्षाने जाऊन पिशवी घेऊन आला. लोह, कॅल्शियम, पित्ताची गोळी, संपलेल्या अँटिबायोटिकची पट्टी. त्यांखाली दोन वस्तू. एक, दुखण्याच्या गोळ्या: ट्रॅमाडॉल 37.5 आणि पॅरासिटामॉल 325 एकत्र. तीन दिवसांसाठी लिहिलेल्या, टाके दुखतात म्हणून पुढे आणून घेतलेल्या, दिवसाला चार. दोन, खोक्याबाहेर काढलेली कफ सिरपची 100 मिलीची बाटली. लेबलवर दर 5 मिलीत कोडीन 10 मिलिग्रॅम आणि क्लोरफेनिरामिन 4 मिलिग्रॅम. खोकला आला की टाके ओढले जातात म्हणून दोन मोठे चमचे, तीन वेळा. पाच दिवसांत दीड बाटली.

म्हणजे दिवसाला 60 मिलिग्रॅम कोडीन आणि 150 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल. दोन्ही एकाच, अफूच्या जातीची, आणि वर क्लोरफेनिरामिनची गुंगी. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतात त्याचं मॉर्फिन होतं. किती होतं, हे माणसागणिक बदलतं. काहींचं यकृत हे काम फार झपाट्याने करतं आणि अशा आईच्या दुधात अपेक्षेपेक्षा बरंच मॉर्फिन उतरतं. ट्रॅमाडॉलचंही तसंच. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही दोन्ही औषधं पाजणाऱ्या आयांना देऊ नयेत असा इशारा काढला तो याचसाठी. आपल्याकडे दोन्ही शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय आणि नोंदवहीत लिहिल्याशिवाय विकायची नाहीत. बाटली कुठून आली, हे त्या खोलीत विचारत बसायची वेळ नव्हती.

आईला एकच विचारलं: तुला स्वतःला कसं वाटतं? बसल्याबसल्या डुलकी लागते, डोकं जड, शौचाला साफ नाही. हा प्रश्न मी आता कुठेही विसरत नाही. आई स्वतः पेंगत असेल तर बाळावर परिणाम असण्याची शक्यता बरीच वाढते, आणि ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही.

इमर्जन्सी ट्रेमध्ये नॅलोक्सोनच्या, म्हणजे या जातीच्या औषधांवरच्या उताऱ्याच्या, दोन अँप्यूल होत्या, 0.4 मिलिग्रॅमच्या. किलोमागे 0.1 मिलिग्रॅम म्हणजे या बाळाला 0.26, एक मिलीच्या सिरिंजमध्ये 0.65 मिली ओढलं आणि शिरेतून दिलं. दोन मिनिटांनी श्वास 40 वर आला. तिसऱ्या मिनिटाला बाळ रडलं, चांगलं खणखणीत, आणि आजी घाबरली, कारण घरात तिने हा आवाज ऐकलाच नव्हता.

इथे चूक होते ती पुढच्या तासात. नॅलोक्सोन लवकर उतरतं, मॉर्फिन आणि ट्रॅमाडॉल अंगात राहतात. बाळ रडलं म्हणून ऑक्सिजन काढून आईच्या कुशीत दिलं की ते परत झोपतं, आणि या वेळी कुणाचं लक्ष नसतं. पन्नास मिनिटांनी श्वास परत 26 वर आला. दुसरी अँप्यूल फोडली आणि 108 मधून, सोबत नर्स देऊन, बाळ जिल्ह्याच्या एसएनसीयूत, आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, पाठवलं. तिथे 48 तासांत कल्चरमध्ये काही वाढलं नाही, अँटिबायोटिक बंद झालं. रक्तातल्या औषधाची पातळी मोजायची सोय नव्हती, म्हणून कागदावर निदान 'संशयित' असंच राहिलं. बाहुल्या, नॅलोक्सोनचा परिणाम आणि औषध थांबल्यावर आलेली जाग, एवढा पुरावा मला पुरेसा आहे.

बाळ निघताना आईने विचारलं, आता दूध कायमचं बंद का? नाही. दोन्ही औषधं आजपासून बंद. त्यांच्या जागी पॅरासिटामॉल 650 दर सहा तासांनी आणि आयबुप्रोफेन 400 जेवणानंतर दर आठ तासांनी. आयबुप्रोफेन दुधात जवळजवळ उतरतच नाही. खोकताना उशी टाक्यांवर दाबून धरायची. सिरपपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. शेवटच्या गोळीपासून दोन दिवस दूध हाताने काढून टाकून द्यायचं, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. टाकून दिल्याने औषध अंगातून लवकर जात नाही. दूध ही काही टाकी नव्हे. रक्तातलं औषध कमी झालं की दुधातलंही मागे रक्तात सरकतं. काढायचं ते छाती दगड होऊ नये आणि दूध आटू नये एवढ्यासाठी.

सिझेरियननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत रुग्णालयात ट्रॅमाडॉल दिलं म्हणून कुणी घाबरायचं कारण नाही. तेव्हा दूध चमचा-दोन चमचे असतं. चौथ्या दिवसापासून दूध भरून येतं, गोळ्या मात्र तेवढ्याच चालू राहतात, आणि घोटाळा तिथून सुरू होतो. वयही बघायचं. औषधाने त्रास झालेली बहुतेक नोंदलेली बाळं दोन महिन्यांच्या आतली आहेत, कारण त्यांचं यकृत आणि मूत्रपिंडं अजून कच्ची असतात. कोपऱ्यातलं चार महिन्यांचं बाळ दुधातून आलेलं मेट्रोनिडाझोल निस्तरू शकलं असतं.

दूध खरोखर बंद करायला लावणारी औषधं थोडी आहेत: कॅन्सरची, थायरॉइडसाठीचं किरणोत्सारी आयोडीन, सांधेदुखीसाठी आठवड्याला घेतलं जाणारं मेथोट्रेक्सेट, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडेरॉन. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचा रेणू एवढा मोठा की दुधात शिरत नाही. इन्सुलिन आईच्या दुधात मुळातच असतं, त्यासाठी दूध बंद करायचं नसतं. उरलेल्यांत औषधाचं नाव, डोस, किती दिवस आणि बाळाचं वय, एवढं कळलं की लॅक्टमेडवर, म्हणजे औषधं आणि स्तनपान यांच्या माहितीच्या संकेतस्थळावर, दोन मिनिटांत उत्तर मिळतं. ते फुकट आहे आणि फोनवर उघडतं. औषधाच्या कागदावर "स्तनदा मातांनी घेऊ नये" लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा अशा आयांवर चाचणी झालेली नसते म्हणून. तो कागद वाचून दूध बंद करणं म्हणजे आळस आहे.

दोन वाजता कोपऱ्यातल्या खाटेकडे परत गेलो. ओआरएस 380 मिली गेलं होतं, बाळाने लघवी केली होती. आता ओसरलेलं दूध परत आणायचं. आईला हाताने काढून दाखवायला सांगितलं तर ती बोंडीच पिळत होती. तिथून काही येत नाही, फक्त दुखतं. अंगठा वर, बोटं खाली, बोंडीपासून दोन बोटं मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं, त्वचेवर घासायचं नाही. पाच मिनिटांनी वाटीत पाच मिली जमलं. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी मोडून अर्धी त्याच दुधात विरघळवली आणि बाळाला पाजली. सहा महिन्यांच्या आत रोज 10 मिलिग्रॅम, 14 दिवस.

बाटली आजीकडून काढून घेतली. वरचं दूध द्यायचं ते योग्य मापाने, बारीक फीडिंग ट्यूबने: एक टोक वाटीत, दुसरं बोंडीशी चिकटपट्टीने लावलेलं. बाळ छातीला चोखतं, पोट वाटीतून भरतं आणि चोखण्याने आईचं दूध वाढतं. दिवसात आठ-दहा वेळा. वाटी जितकी वर धराल तितकं भरभर येतं, म्हणून छातीच्या खालीच ठेवायची. तिसऱ्या दिवशी एका वेळी 15 मिली निघालं, सातव्या दिवशी 40. दहाव्या दिवशी दाखवायला आली तेव्हा वजन 5.6 होतं आणि वरचं दूध रात्री एकदाच उरलं होतं. तेवढं सोडायला आजी अजून तयार नाही.