आयआयटी सोडून पुणे विद्यापीठ: माझी एमएस्सीची निवड

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी हायड्रोजनच्या फाइन स्ट्रक्चरने, म्हणजे त्याच्या वर्णपटातल्या रेषा बारकाईने पाहिल्या की आणखी फुटलेल्या दिसतात त्या गमतीने, मला जे धरलं, ते सोडलंच नाही. पुढे अणू-रेणूंचंच शिकायचं हे पक्कं होतं. कुठे, ते कराडात कुणाला विचारावं हाच प्रश्न. काका म्हणाले, "म्हणजे भाभामध्ये जाणार का?" त्यांच्या डोळ्यांसमोर अणुभट्टी होती, मला केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन हवे होते.

जॅम, म्हणजे आयआयटींमधल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, दिली. तीन तास, साठ प्रश्न, १०० गुण. २०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं सेन्सिंगचं, म्हणजे अणूंसारख्या क्वांटम गोष्टींनी अतिसूक्ष्म मोजमाप करण्याचं, केंद्र आयआयटी मुंबईत आहे, पण ती माझ्या रँकच्या पलीकडे राहिली. लांबच्या एका नव्या आयआयटीत मात्र जागा मिळत होती. बाबांनी पेढे सांगायचेच बाकी होते.

मी तिथल्या प्राध्यापकांची यादी काढून एकेकाचं संशोधन वाचत बसलो. जवळजवळ सगळे घनस्थितीवाले, म्हणजे स्फटिकांसारख्या घन पदार्थांवर काम करणारे. अणू-रेणूंवर एकच जण, तेही थिअरी. मग तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मेल करून विचारलं, "तुम्ही स्वतःच्या हाताने काय काय चालवलंय?" उत्तर आलं: झीमन परिणाम (चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फुटतात तो) आणि फ्रँक-हर्ट्झ (इलेक्ट्रॉन धडकल्यावर अणू ठरावीक ऊर्जाच घेतात, हे दाखवणारा). प्रयोग सुंदरच आहेत, पण पहिला १८९६चा, दुसरा १९१४चा. मला पाहायचे होते ते ७८० नॅनोमीटरच्या लेझरने थंड केलेले रुबिडियमचे अणू. निर्वात पात्रात, निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे तापमानाच्या सगळ्यात खालच्या मर्यादेच्या, वर अंशाच्या काही दशसहस्रांश भागावर पकडून ठेवलेले. लेझरने अणू थंड करण्याच्या या तंत्राला नोबेल मिळालं ते १९९७ साली.

आपल्याकडे अशा कामाची ठिकाणं मोजकीच: कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), बंगळुरूची रामन संशोधन संस्था, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा (पीआरएल), पुण्याची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था (आयसर) आणि आणखी काही. तिथे मुख्य रस्ता पीएचडीचा. तेव्हा मी कॉलेज निवडायचं सोडून गाव निवडलं: पुणे. पाषाणला आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) शेजारी शेजारी. गणेशखिंडीतल्या विद्यापीठातून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर. विद्यापीठातल्या सीनियर्सना एकच विचारलं, शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट बाहेरच्या संस्थेत करता येतो का? दोन्हीकडचे गाइड तयार असतील तर येतो, म्हणाले. विद्यापीठाची वेगळी प्रवेश परीक्षा दिलेली होतीच. फीमधला फरकही डोळ्यांत भरण्यासारखा होता.

बाबांना हे पटायला वेळ लागला. "आयआयटी सोडून विद्यापीठ? लोकांना काय सांगू?"

आई म्हणाली, "सांगा, तिथे लेझर आहे म्हणून."

घनस्थितीत रस असलेल्या कुणालाही मी त्या आयआयटीत डोळे झाकून पाठवीन. तिथली क्रिस्टल वाढवण्याची आणि एक्स-रेची सोय पाहून माझाही मोह वाढला होता, खोटं कशाला बोलू.

हॉस्टेल मिळालं नाही. औंधला कॉट बेसिसवर राहतोय. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचा फॉर्म भरलाय. पहिली पसंती थंड अणूंची लॅब, दुसरी पीआरएल, तिथे फेम्टोसेकंद लेझरच्या झोतात रेणू कसे फुटतात ते पाहतात. निकाल अजून यायचाय, तोवर क्वांटम मेकॅनिक्सचं सबमिशन उरकायचंय.