हार्वेस्टरच्या मागे गुडघे टेकून

गव्हाची कापणी सुरू झाली की पहिल्या शंभर-दीडशे मीटरनंतर मी हार्वेस्टर थांबवतो, इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकतो आणि यंत्राच्या मागे गुडघे टेकून जमिनीवर सांडलेले दाणे मोजू लागतो. ट्रॉली भरून घेण्यासाठी माणसे ताटकळत असतात, सगळ्यांचे लक्ष आभाळाकडे असते आणि अशा वेळी दाणे मोजत बसलेला माणूस वेडगळ दिसतो, हे मला मान्य आहे. पण मोठ्या यंत्राच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला यंत्राच्या पोटात काय चालले आहे, हे फारसे कळत नाही. काच बंद असते, आवाज दबलेला असतो आणि समोरच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे असतात. धान्याचा ऱ्हास दाखवणारा मापकदेखील चाळणीच्या टोकाशी असलेल्या पट्टीवर दाणे किती आपटले, एवढेच सांगतो. ते आपटणे म्हणजे हेक्टरी किती किलो, हे एकदा हाताने मोजल्याखेरीज त्या काट्याला काही अर्थ नसतो.

मोजण्यासाठी माझ्याकडे सळईची, अर्धा मीटर बाजूची चौकट आहे. काड पसरवणारी चकती बंद ठेवून थोडे अंतर कापायचे, थांबायचे आणि यंत्र त्याच्या लांबीइतके मागे घ्यायचे. आता जमिनीचे तीन भाग समोर येतात: उभे पीक, फक्त हेडर, म्हणजे यंत्राचा पुढचा कापणीचा भाग, जाऊन आलेली पट्टी, आणि यंत्रातून बाहेर पडलेल्या काडाखालची जमीन. समजा, उभ्या पिकात चौकटीत पाच दाणे मिळाले, हेडरच्या पट्टीत दहा मिळाले आणि काडाखाली एकशे साठ मिळाले. पहिले पाच आपोआप गळलेले. त्यांचा दोष यंत्राचा नाही. पुढचे पाच हेडरने सांडले. उरलेले दीडशे मळणी आणि चाळणीतून निसटले. इथे बहुतेकांची गल्लत होते. हेडर सहा मीटर रुंद असेल आणि काड दीड मीटरच्या पट्ट्यात पडत असेल, तर सहा मीटरमधले दाणे दीड मीटरमध्ये गोळा झालेले असतात, म्हणून त्या दीडशेला चाराने भागले पाहिजे. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण 40 ग्रॅम धरले, तर हिशेब हेक्टरी 60 किलोवर येतो. चार टनांच्या पिकात हा दीड टक्का झाला. भागायचे विसरलात, तर तोच आकडा 240 किलो दिसतो आणि घाबरलेला माणूस चांगले चाललेले यंत्र बिघडवून ठेवतो.

संख्येइतकेच महत्त्वाचे असते ते दाणे कोणत्या अवस्थेत सापडले हे. ओंबीत दाणे तसेच राहिले असतील, तर मळणी अपुरी होत आहे. दाणे झोडपून काढणाऱ्या ड्रमचा वेग थोडा वाढवावा किंवा त्याखालच्या जाळीतले अंतर कमी करावे. टाकीत फुटके दाणे दिसत असतील, तर नेमके उलट करावे, आणि न मळलेल्या ओंब्या पुन्हा ड्रमकडे नेणाऱ्या एलिव्हेटरमधून चांगला दाणाच फिरून फिरून भरडला जात नाही ना, तेही पाहावे. मोकळे दाणे लांब काडात अडकलेले असतील, तर काड झटकणाऱ्या वॉकरवर भार जास्त झाला आहे आणि वेग कमी करण्याला पर्याय नाही. मोकळे दाणे भुशात सापडले की मात्र लोक हमखास चुकतात. वारा दाणे उडवतो आहे असे समजून ते पंखा मंद करतात. प्रत्यक्षात पुष्कळदा वारा कमी पडलेला असतो. चाळणीवर भुशाचा जाड थर साचतो आणि दाणे त्या गादीवरून चालत यंत्राबाहेर जातात. पंखा वाढवला की थर सुटतो, मोकळा होतो आणि दाणा खाली पडतो. अर्थात एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा मोजावे; ड्रम, जाळी आणि पंखा एकदम फिरवणाऱ्याला सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही. शिवाय सकाळी लागलेले गणित दुपारी टिकत नाही. दव ओसरले की चिवट काड ठिसूळ होते, त्याचे तुकडे पडतात आणि चाळणीवरचा बोजा वाढतो.

या सगळ्यासाठी यंत्राच्या आतला वेग स्थिर असावा लागतो. 1836 मध्ये अमेरिकेतील मिशिगनमध्ये हिराम मूर यांनी कापणी आणि मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा ते यंत्र जनावरे ओढत आणि आतला ड्रम जमिनीवरच्या चाकातून फिरे. साहजिकच जनावरे मंदावली की मळणीही मंदावे. आज इंजिनाने ही अडचण संपवली आहे, तरी पीक दाट आले की ॲक्सिलरेटर कमी करणारे चालक मी पाहिले आहेत. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवरच ठेवावे आणि पुढे जाण्याचा वेग तेवढा लिव्हरने कमी करावा.

आता देखभालीकडे येतो. माझ्या पदरी असलेली सर्वांत महाग चूक एका रातकिड्याची आहे. एका संध्याकाळी उजव्या बाजूने रातकिड्यासारखी बारीक किरकिर ऐकू येऊ लागली. शेवटच्या चार फेऱ्या उरल्या होत्या, म्हणून मी उतरलो नाही. तिसऱ्या फेरीत धान्य वर नेणाऱ्या एलिव्हेटरचा खालचा शाफ्ट अडकला. बेअरिंग तापून आतली रिंग शाफ्टला अशी चिकटली होती की ती छिन्नीने निघेना. शेवटी शाफ्ट, पुली आणि पट्टा असे सारेच बदलावे लागले. तासाभरात, एका बेअरिंगवर भागले असते ते काम दोन दिवस चालले, आणि त्या दोन दिवसांत वारा सुटून चांगले उभे असलेले पीक लोळले. तेव्हापासून मी खिशात तापमान दुरून मोजणारा छोटा मापक बाळगतो. दुपारी टाकी रिकामी होत असताना यंत्राभोवती एक फेरी मारून फक्त बाहेरची, आच्छादनाआडून दिसणारी बेअरिंगे तपासतो. आकड्यापेक्षा मी तुलना पाहतो. डावीकडचे आणि उजवीकडचे जोडीचे बेअरिंग सारखेच तापले पाहिजे; एक दुसऱ्याहून वीस-पंचवीस अंशांनी अधिक गरम असेल, तर त्याचे दिवस भरत आले आहेत.

ग्रीस देण्याचे काम मी संध्याकाळी करतो, कारण बेअरिंग कोमट असताना ग्रीस सहज आत जाते आणि आतली ओल बाहेर ढकलते. ग्रीसगन लावण्यापूर्वी निप्पल, म्हणजे ग्रीस आत जाण्याचे तोंड, चिंधीने पुसावे, नाहीतर आपणच धूळ आत भरतो. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी हा समज मात्र सोडून द्यावा. सीलबंद बेअरिंगमध्ये जोराने ग्रीस भरले की सील उचकटते आणि तिथूनच पुढे भुसा शिरतो. किती तासांनी कुठे किती द्यायचे, हे यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

व्ही पट्ट्यांच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी पकड घेतो, तळाने नाही. पट्टा झिजून खाचेच्या तळाला टेकू लागला, तळ आरशासारखा चमकू लागला, की कितीही ताण दिला तरी तो घसरणारच. जोडीने चालणारे पट्टे जोडीनेच बदलावेत. नवा पट्टा सगळा भार एकटा उचलतो आणि लवकर संपतो.

आगीविषयी मी जरा हट्टी आहे. टर्बो आणि एक्झॉस्टचे भाग शेकडो अंशांपर्यंत तापतात आणि त्यांच्यावर दिवसभर वाळलेला, पिठासारखा भुसा बसत असतो. रोज सकाळी हवेच्या झोताने इंजिनाची खोली, बॅटरीखालची जागा, वायरिंगचे कोपरे आणि ब्रेकजवळचा भाग साफ केल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही. रेडिएटरला झोत आतून बाहेर द्यावा. बाहेरून दिला तर कचरा जाळीत आणखी घट्ट बसतो. आग विझवण्याची दोन नळकांडी ठेवावीत, एक केबिनमध्ये आणि एक जमिनीवर उभ्या माणसाच्या हाताला येईल असे. काम संपताच यंत्र शेडमध्ये घालू नये, कारण कोपऱ्यात धुमसणारा भुसा अर्ध्या तासानेही पेटतो.

हेडरखाली जायचे असेल तर आधी हेडर उचलून धरणाऱ्या सिलिंडरचा सुरक्षा अडसर लावायचा, मग वाकायचे. हायड्रॉलिक नळीला सुईएवढे छिद्र असल्याची शंका आली, तर बोट न फिरवता पुठ्ठा धरावा. त्या दाबाने तेल कातडीतून थेट आत जाते आणि जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागू शकते. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेले अवजार फिरवणारा दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. बाही अडकल्यावर ‘थांबव’ असे ओरडेपर्यंत सगळे झालेले असते.

हंगाम संपल्यावर यंत्र झाकून ठेवण्याची घाई मी करत नाही. एलिव्हेटरच्या तळाची झाकणे, ऑगरखालचे (धान्य पुढे ढकलणाऱ्या मळसूत्राखालचे) दरवाजे, दगड पडण्याचा सापळा, सगळे उघडून यंत्र काही मिनिटे रिकामे चालवतो. मग इंजिन बंद करून उरलेले धान्य ब्रशने काढतो. दरवर्षी वाटते की या वेळी काही निघणार नाही, आणि दरवर्षी बादलीभर निघते. ते राहिले तर उंदीर येतात, आणि उंदीर गहू संपल्यावर वायरींकडे वळतात. डिझेलची टाकी काठोकाठ भरतो, बॅटरीची तार सोडतो, पट्ट्यांचा ताण सैल करतो.

त्याच दिवशी, हात तेलकट असतानाच, वहीत दुरुस्तीची यादी लिहितो. चार महिन्यांनी कोणती साखळी उड्या मारत होती, हे आठवत नाही. यंदाच्या पानावर पहिली ओळ आहे: ‘डावीकडचा वॉकर, मागचे लाकडी बेअरिंग, हाताने हलवले की खुळखुळते.’ तिच्याखाली अकरा ओळी आहेत आणि त्यांपैकी नऊ मी केबिनमधून नव्हे, तर खाली उभा असताना पाहिलेल्या आहेत.