अंगठा लागत नसेल तर करंगळी लावून पाहा

"काका, तुमची बोटंच घासून गेली. तुमचं काही होत नाही. कायले चकरा मारून राहिले?" माझ्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटेना, तेव्हा तालुक्याच्या एका सीएससी केंद्रातला (सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रातला) माणूस चौथ्या खेपेला मला असं म्हणाला. मागे पंधरा-वीस माणसं उभी होती, त्यात दोघं माझ्याच गावची. दीड वर्ष होऊन गेलं, तरी ते बोलणं मनातून जात नाही. त्याचं म्हणणं खोटं होतं, हे मला पाच महिन्यांनी कळलं. लाकडाचं, बांबूचं, मातीचं काम करणाऱ्या कुणाला याच कागदासाठी, म्हणजे कारागीर ओळखपत्रासाठी, फिरायचं असेल तर त्याच्या निदान चार चकरा तरी वाचाव्यात, म्हणून हे लिहितो आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातला. घरात पिढीजात वाढईकाम, म्हणजे सुतारकाम. बाबा वखर, डवरे, बंडीची चाकं करायचे आणि वर्षाचं धान घरी यायचं. ट्रॅक्टर आले, ते काम गेलं. मी लाकडी नंदी कोरतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लेकरं चाकांवरचा लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत घरोघर नेतात आणि घरोघरी त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मिळतो. बाजारात येणारे बहुतेक नंदी एका मापाचे, एका तोंडवळ्याचे असतात. माझा एक नंदी दुसऱ्यासारखा नसतो. कुणी मान वळवून माशी हाकलतो, कुणी बसून रवंथ करतो, एकाचं शिंग खाली पडलेलं असतं. गावात जो बैल पाहिला तोच कोरायचा, हे मी पहिल्यापासून ठरवलं. पोटाखाली पटाशीनं माझं नाव आणि साल कोरतो.

व्यापारी तो नंदी माझ्याकडून सहाशेला नेई. नागपुरात तोच दोन हजारांना विकताना मी स्वतः पाहिला, आणि पोटाखालचं नाव रंगानं बुजवलेलं होतं. त्या दिवशी ठरवलं की आपला माल आपणच मांडायचा, आपणच विकायचा. नागपूरच्या मेळ्याचा फॉर्म आणला तर त्यात कारागीर ओळखपत्राचा नंबर विचारलेला. माझ्याकडे तसलं काहीच नव्हतं.

ओळखपत्रासाठी मी पीएम विश्वकर्मा योजना धरली, पारंपरिक कारागिरांसाठीची केंद्र सरकारची. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात १८ व्यवसाय आहेत आणि सुतार त्यात पहिलाच. नोंदणी सीएससी केंद्रात होते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि मग बोटाचा ठसा द्यावा लागतो. ओटीपी लगेच आला, ठशापाशी सगळं अडलं.

अंगठाच का लागत नाही, ते मला कुणी सांगितलं नाही, मीच शोधून काढलं. नंदी मी बहुतेक शिवणीचे करतो. लाकूड हलकं असतं, तासताना फुटत नाही. वाकसानं ढोबळ आकार, पटाशीनं अंग, मग कानस आणि शेवटी पॉलिश पेपर. आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. सपाट पाठीला पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून फिरवता येतो. पण वशिंड जिथं मानेला मिळतं तिथं एक खोलगट घडी असते, तिथं ठोकळा जात नाही. तिथं उजव्या अंगठ्यावर पेपर धरायचा आणि अंगठ्यानंच दाबून फिरवायचा. घडी आरशासारखी गुळगुळीत झाली की नंदी जिवंत वाटतो. त्या एका जागेवर मी पाऊण तास घालवतो, आणि अशी जागा हंगामात दीड-दोनशे नंद्यांना असते. अंगठ्यावरच्या रेषा तिथं जातात.

घरात हे आधी कळायला हवं होतं, पण रेशनला नेहमी बायको जाते, तिचं बोट लागतं. बँकेत मी एटीएम कार्ड वापरतो. त्यामुळे मे २०२४ पर्यंत आपला ठसा उमटत नाही याची मला कल्पनाच नव्हती.

पहिल्या खेपेला त्या माणसानं उजवा अंगठा लावायला सांगितला. नाही. डावा. नाही. "हात धुऊन या." नळावर जाऊन साबणानं धुतले. नाही. "केसावर घासा." घासला. नाही. "उद्या या, सर्व्हर डाउन आहे." सर्व्हर चालू होता, माझ्या मागच्या बाईचं काम माझ्यासमोर झालं. दुसऱ्या खेपेला अंगठ्याला लिंबू चोळून गेलो, तिसऱ्या खेपेला ग्लिसरीन. यंत्राच्या काचेवर आधीच्या शंभर माणसांच्या बोटांचा तेलकट थर होता, तो कुणी पुसला नाही. तिन्ही वेळा फक्त दोन अंगठे, तिसरं बोट नाही. गावाहून जाऊन-येऊन प्रत्येक खेपेला दिवस मोडला आणि एका नंदीचं काम बुडालं. चौथ्या खेपेला मग ते वाक्य ऐकायला मिळालं.

मी भांडलो नाही. तेव्हा भांडायला हवं होतं असं आज वाटतं. त्याच्याही मागे रांग होती आणि दिवसभर यंत्राशी झगडून तोही कावला असेल, हे मी समजू शकतो. पण ज्या हातांनी मी तीस वर्षं काम केलं, त्या हातांबद्दल गावच्या माणसांसमोर असं बोलायचा त्याला काय अधिकार होता?

कुणीतरी सांगितलं की आधारचे ठसे नव्यानं द्या. तेही केलं, जुलैमध्ये. त्यासाठी आठ दिवस पॉलिश पेपरला हात लावला नाही, कारण चामडी नवी आली की रेषा परत वर येतात. तेव्हा शंभर रुपये लागले. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे सव्वाशे झाले आहेत, जास्त मागितले तर देऊ नका. पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या नंबरावरून काम कुठवर आलं ते पाहता येतं. काही दिवसांनी अपडेट झाल्याचा मेसेज आला. आनंदानं केंद्रात गेलो, अंगठा लावला, परत नाही. कारण सरळ होतं, पण मला ते तेव्हा सुचलं नाही. ठसे दिले ते आराम केलेल्या बोटांचे आणि केंद्रात गेलो तोवर पोळ्याच्या ऑर्डरींनी अंगठा पुन्हा घासून गेला होता. तुम्ही ठसे नव्यानं देणार असाल तर त्यानंतर नोंदणी होईपर्यंत हात राखून ठेवा. मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

२ सप्टेंबर २०२४ ला पोळा झाला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सगळे नंदी पुन्हा व्यापाऱ्याच्या टेम्पोत गेले, जुन्याच भावात. २० सप्टेंबरला वर्ध्याला याच योजनेच्या वर्षपूर्तीचा मोठा कार्यक्रम झाला. पंतप्रधान आले, कारागिरांचं प्रदर्शन लागलं. मी ते ओसरीत बसून मोबाइलवर पाहिलं. वर्धा काही परदेश नाही, आपल्या विदर्भातलंच. त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला धानावरच्या फवारणीचं औषध आणायला नागभीडला गेलो होतो. तिथं एका छोट्या दुकानात सीएससीचा बोर्ड दिसला. काउंटरवर पंचविशीतली मुलगी होती. आशा नव्हती, तरी विचारलं. तिनं माझे दोन्ही हात पालथे-उलथे करून पाहिले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि एक एक बोट तिरपं धरून न्याहाळलं. मग विचारलं, "काका, लाकूड कोणत्या हातानं धरता जी?" मी म्हटलं, डाव्या. "कसं धरता, दाखवा." मी हवेत धरून दाखवलं. नंदीचा पाय तीन बोटांत आणि अंगठ्यात धरलेला, करंगळी बाहेर उभी. ती म्हणाली, "हीच लावून पाहू."

तिनं काच ओल्या कापडानं पुसली, मग कोरड्या. माझी करंगळी स्वतःच्या पदरानं पुसली. काचेवर ठेवताना नुसतं टोक टेकवू दिलं नाही, पहिल्या पेरापर्यंत आडवी ठेवायला लावली आणि वरून हलकंच दाबून धरलं. दोन सेकंद झाले असतील. स्क्रीन हिरवी झाली.

पाच महिने. दहापैकी कोणतंही बोट चालतं, आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात. त्या तालुक्याच्या केंद्रात कुणी बाकीची आठ बोटं लावूनच पाहिली नव्हती. मला रडू आलं, लपवत नाही. त्या पोरीनं पाणी दिलं आणि पुढचा फॉर्म भरायला घेतला. पैसे विचारले तर म्हणाली, या नोंदणीला कारागिराकडून काही घ्यायचं नसतं.

तिनं विचारलं, सुतार लिहू की खेळणी बनवणारे? यादीत दोन्ही आहेत. मूर्तिकारही आहे. मी थांबलो. मी खेळणी बनवत नाही, असं मला वाटतं. पण पुढं ग्रामपंचायतीत पडताळणी असते आणि गाव मला वाढई म्हणूनच ओळखतं, म्हणून सुतार लिहिलं. तुम्ही विचार करून लिहा, कारण प्रशिक्षण आणि अवजारं त्याच व्यवसायाची मिळतात. जाताना रेशनकार्ड न्या, घरातल्या सगळ्यांचं आधार लागतं. आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, तेव्हा भावाभावांत आधीच बोलून घ्या.

पुढचं सगळं सरळ झालं. मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली म्हणून ग्रामपंचायतीत थोडं थांबावं लागलं, मग जिल्ह्याची मंजुरी, मग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. प्रशिक्षणाचे रोज पाचशे रुपये खात्यात आले. अवजारांसाठी पंधरा हजारांचं ई-व्हाउचर मिळालं.

एक राहिलंच. आधारच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक असतं. कुणी नातवानं ते लावून ठेवलं असेल तर कोणतंच बोट लागणार नाही, तेव्हा घरूनच पाहून निघा. आणि थंडीत चामडी कोरडी पडते, बोट किंचित ओलसर करून पुसून घ्या.

नागपूरच्या मेळ्यात स्टॉल मिळाला तो पुढच्या हिवाळ्यात. बावीस नंदी नेले. पहिल्या दिवशी सगळे एका रांगेत मांडले तर लोक खेळणी समजून पुढं जात होते. दुसऱ्या दिवशी फक्त सात मांडले, प्रत्येकात हातभर अंतर, आणि समोर पाटीवर लिहिलं की हा बैल कोणाच्या गोठ्यातला, कसा होता. मग लोक थांबू लागले. एका बाईंनी शिंग पडलेला नंदी उचलला, उलटा केला आणि पोटाखालचं नाव मोठ्यानं वाचलं. विचारलं, हे तुम्हीच का? मी हो म्हटलं. भाव केला नाही, अठ्ठावीसशे दिले. म्हणाल्या, त्यांच्या वडिलांकडे असाच एक होता, नाव राजा.

लाकडाचं बिल सोबत ठेवा. मी आरामशिनीची पावती फायलीत ठेवली होती, सागवानी नंदीबद्दल दोघांनी विचारलंच. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरचं सागवान गेलं, तेव्हापासून लोकांना आपल्या सागाचं नाव ठाऊक आहे, पण लाकूड कुठून आणलं हेही ते विचारतात. विक्रीच्या बिलाचं म्हणाल तर वर्षाची विक्री ४० लाखांच्या आसपासही जात नसेल आणि आपल्याच राज्यात माल विकत असाल तर जीएसटी नंबर लागत नाही, साधं छापील बिलबुक चालतं. क्यूआर कोड मात्र मोठा छापून लावा, माझी अर्ध्याहून जास्त विक्री त्यावर झाली. परतीच्या प्रवासात एका नंदीचा कान तुटला, तेव्हा कान आणि शिंगं आधी सुती चिंधीनं बांधा, मग कागद गुंडाळा.

बावीसपैकी पंधरा गेले. व्यापाऱ्याला मी यंदा नंदी दिले नाहीत.

सध्या बसलेल्या गोऱ्ह्याचं काम चालू आहे. वशिंडाच्या घडीत अंगठा तसाच फिरतो, तिथं दुसरा उपाय नाही. पण येत्या महिन्यात बँकेची केवायसी आहे, म्हणून पंधरा दिवस आधीपासून डाव्या करंगळीला बायको सकाळी चिंधी गुंडाळून देते.