लिस्बनचा फादो: आल्फामात जेवायला बसण्याआधी अल्जूबला जा

फादो, म्हणजे लिस्बनच्या गल्ल्यांतलं गिटारीवरचं गाणं, ऐकायला तिथे जात असाल तर ‘जेवण आणि गाणं’ असलं पॅकेज घेऊ नका. आल्फामा या जुन्या वस्तीतल्या एका ठिकाणी ‘प्रवेश मोफत’ म्हणून आम्हाला आत बसवलं आणि मग माणशी किमान खर्चाची अट सांगितली. न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर आलं आणि बिलातही. बसण्याआधी किमान रक्कम विचारा. न मागितलेल्या, हात न लावलेल्या पदार्थांचे पैसे द्यावे लागत नाहीत, तिथला कायदाच तसा आहे.

बिलापेक्षा जास्त संताप निवेदनाचा आला. ‘खलाशांच्या बायकांचा विरह’, बस्स, एवढाच फादो! बारा तारांची गिटार अप्रतिम वाजत होती आणि तिच्यामागचं हुकूमशाहीचं निम्मं शतक गायब.

फादो गुत्त्यांत आणि गल्ल्यांत, गरिबांच्या वस्तीत वाढला. 1926 मध्ये लष्कराने सत्ता घेतली. 1927 च्या हुकुमाने गायकांना परवाना सक्तीचा झाला, शब्द आधी सेन्सॉरकडे जाऊ लागले. गल्लीतला, सुचेल तसा गायचा फादो परवान्याच्या ठिकाणी, जेवणाच्या टेबलांसमोर आला. आज आपल्याकडून ज्या टेबलाचे पैसे घेतात ते मांडण्यात हुकूमशाहीचाही हात आहे, हे कुणी सांगत नाही.

म्हणून आधी अल्जूब, जुना तुरुंग. कॅथेड्रलला लागूनच आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत राजकीय कैदी इथे डांबत. 2015 पासून संग्रहालय आहे. कोठड्या पाहून मग खाली फादो संग्रहालयात उतरा. दोन्ही सोमवारी बंद.

फादो गायिका आमालिया रोद्रिगिशचं ‘आबांदोनु’ ऐकूनच जा. लोक त्याला ‘पेनिशचा फादो’ म्हणत, कारण पेनिश या किनाऱ्यावरच्या गावातल्या किल्ल्यात राजकीय कैदी असत. सरकारने त्यावर बंदी घातली. गोवामुक्तीचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनाही शिक्षा देऊन याच किल्ल्यात पाठवलं होतं. हे माहीत असताना ते गाणं ऐकलं आणि मला पुढे चालवेना. गोव्याच्या, कोकणच्या माणसाने तरी हे चुकवू नये.

25 एप्रिल 1974 च्या मध्यरात्रीनंतर सैनिकांना हुकूमशाही उलथवण्याचा इशारा रेडिओवरून मिळाला तो मात्र फादोतून नव्हे, झेका आफोन्सूच्या ‘ग्रांदोला’ या गाण्यातून. क्रांतीनंतर कित्येकांना फादो जुन्या राजवटीचं गाणं वाटे. तो डाग धुवायला वर्षं गेली. 2011 मध्ये युनेस्कोची मान्यता आली. कार्मो चौकात दहा मिनिटं थांबा, हुकूमशाहीने शरणागती पत्करली ती तिथल्या बराकीत.

सर्वात वाईट टप्पा मोरारिया या वस्तीतून लिस्बनच्या किल्ल्याकडे चढणारा. चढाचं काही नाही, ट्रेक करणाऱ्याला तो किरकोळ आहे. पण पांढरा चुनखडी दगड घासून गुळगुळीत झालाय आणि पाऊस पडला की पाय ठरत नाही. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूट हवेतच. भिजलेल्या दगडावरून रात्री उतरू नका, टॅक्सी करा. 28 नंबरची ट्राम टाळा: गर्दी, खिसेकापू, वेळेचा सत्यानाश.



रात्री मोरारियातल्या रुआ दु कापेलाँवर जा. मारिया सेव्हेरा, फादोची पहिली नामवंत गायिका, याच गल्लीतली. आसपास हौशी गाणाऱ्यांची छोटी ठिकाणं विचारा. रोख पैसे ठेवा. दिवे मंद झाले की बोलणं बंद, मोबाइल खिशात.