दोरीने कापलेलं लोखंड

इंग्लंडमधल्या जुन्या कालव्यावर विटांचा कमानी पूल लागला, की त्याच्या कोपऱ्याला ठोकलेली लोखंडी पट्टी बघावी. तिच्यावर आडव्या खाचा असतात. काही इतक्या खोल, की आख्खं बोट आत बसतं. कुणीतरी करवत चालवली असावी असं वाटतं, पण हे काम साध्या सुती दोराचं. घोडा काठावरच्या वाटेने पुढे, नाव पाण्यात मागे आणि मधे दोर. ओल्या दोराला वाटेवरची वाळू चिकटायची आणि पुलाच्या कोपऱ्यावर घासताना त्याची कानस व्हायची. आपल्या आडाच्या काठावरचे दगड पोहऱ्याच्या दोराने असेच झिजलेले असतात. तिथे बायकांचे हात, इथे घोडे. दगड आणि लोखंड दोन्ही हरले.

बाकी आपला कालवा आणि तिथला कालवा यांचं नातं नावापुरतंच. आपल्याकडे कालवा म्हणजे शेताचं पाणी. आवर्तन सुटायचं, पाटकऱ्याची वाट बघायची, आणि शेजाऱ्याने रात्री दार फोडलं म्हणून सकाळी भांडायचं. तिथलं पाणी बहुतेक ठिकाणी जवळजवळ उभंच असतं. नाव उचलून धरणं एवढंच त्याचं काम. रस्त्यावरच्या गाडीत टन-दोन टन ओढताना घामाघूम होणारा घोडा पाण्यावरचे २५ टन चालत चालत ओढतो, ही सगळी गंमत तिथून सुरू झाली. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या उमरावाच्या मँचेस्टरजवळ वर्स्लीला कोळशाच्या खाणी होत्या. १७६१ मध्ये त्याचा कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरमधला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग काय, ज्याच्या त्याच्या डोक्यात कालवा.

ड्यूकचा माणूस जेम्स ब्रिंडली. मूळचा गिरण्यांची यंत्रं जुळवणारा, लिहिण्या-वाचण्याशी फारसं सख्य नसलेला. कालव्याचा तळ गळू नये म्हणून तो चिकणमाती पाणी घालून तुडवून घ्यायचा आणि थरावर थर द्यायचा. तुडवलेली माती ओली आहे तोवर पाणी धरते. वाळली की तडकते. म्हणून कालवा एकदा भरला की कोरडा पडू द्यायचा नाही, हे आजही खरं.

पण ब्रिंडलीचा खरा ठसा उमटला तो रुंदीवर. ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर हेअरकॅसलच्या टेकडीतून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणायचा होता. रुंद खणणं परवडणारं नव्हतं. शिवाय चढ-उतारावर लॉक लागतं, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद; झडपा उघडून त्यात पाणी भरायचं किंवा सोडायचं, की नाव वर-खाली होते. ते रुंद केलं तर पाणीही जास्त जाणार. चिंचोळ्या लॉकमध्येसुद्धा एका खेपेला सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जातं. तेव्हा लॉक साधारण ७ फूट रुंद आणि ७२ फूट लांब ठरलं. शेजारच्या कालव्यांनी तेच माप उचललं आणि नावा झाल्या ६ फूट १० इंच रुंद. नॅरोबोट ती हीच. हेअरकॅसलच्या त्या बोगद्यात घोड्याला वाटसुद्धा ठेवली नव्हती. घोडा टेकडीवरून जायचा आणि खाली माणसं नावेत उताणी पडून, भिंतींवर पाय देत, अंधारात तासन् तास नाव ‘चालवत’ न्यायची. पुढे थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरने शेजारी दुसरा बोगदा खणला, तो १८२७ मध्ये उघडला. त्यात घोड्याची वाट होती.

रेल्वे आली आणि हीच काटकसर अंगाशी आली. २५ टनांची नाव मालगाडीशी काय झुंजणार! भाडी पडली, तेव्हा नावाड्यांनी घरं सोडून बायकामुलांना नावेवर आणलं. मागच्या टोकाला जेमतेम दहा फुटांची केबिन, तिच्यात शेगडी, दिवसा कपाटात मिटणारा पलंग आणि ज्याचं दार खाली पाडलं की टेबल होतं असं फडताळ. चाळीतली खोलीही वाडा वाटावी. दारावर मात्र रंगवलेले गुलाब आणि किल्ले. रांगतं पोर पाण्यात पडू नये म्हणून छपरावर बांधून ठेवायचे. जरा मोठं झालं की स्टुलावर उभं राहून सुकाणू धरायचं. शाळेचं नाव कशाला काढता; आज या गावी, उद्या त्या.

१९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले. कोळसा ट्रकवर गेला तो परत आलाच नाही. हौशी मंडळी मात्र १९४६ पासूनच संस्था काढून बसली होती आणि १९६८ च्या कायद्याने कालव्यांना सहलीचा मार्ग म्हणून मान्यता मिळाली. ज्या अरुंदपणाने धंदा बुडवला, तोच सुट्टीला आलेल्या चौघांना अगदी बेताचा.

आता नाव स्टीलची आणि घोड्याच्या जागी डिझेल. ५७ फुटी घेतली तर बहुतेक सगळीकडे जाते. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते, आणि वळते ती मध्यावर. नाक एकीकडे गेलं की शेपूट दुसरीकडे झाडतं. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, पण काठावर लाट फुटली की तेवढाही वेग जास्तच. उथळ पाण्यात इंजिन रेटलं तर मागचा भाग खाली बसतो आणि नाव उलट मंदावते. बांधलेल्या नावांशेजारून तरीही भरधाव जाणारे असतातच. त्यांनी लोकांच्या खुंट्या उपटाव्यात आणि आपण गप्प बसावं, हे काही आपल्याच्याने होत नाही.

लॉकमधून उतरताना वरच्या दरवाजापाशी एक उंबरा असतो. त्याची पांढरी रेघ नावेच्या मागेच राहिली पाहिजे. शेपूट उंबऱ्यावर अडकलं आणि पाणी उतरत राहिलं, तर नाक खाली जाऊन नाव भरते. अशा वेळी आधी खालच्या झडपा बंद, मग वरच्या हळूहळू उघडायच्या. झडप फिरवायचं हँडल दांड्यावर तसंच सोडू नये. खटका सुटला की ते गरगरा फिरतं आणि उडून थेट तोंडावर येतं. पाण्यात तर पडतंच, म्हणून दोन न्यावीत. नाव ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात चिंध्या-पिशव्या गुंतल्या, तर इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच पंख्यावरचं झाकण काढून हात घालायचा. झाकण परत घट्ट लावायला विसरलात तर पंखा पाणी आत फेकतो आणि नाव काठाशीच बुडते.

आणि एवढं सांभाळूनही कुणीतरी संध्याकाळी खालच्या लॉकची झडप अर्धी उघडी टाकून जातं. सकाळी उठावं तर दोन लॉकांमधलं पाणी गायब, नाव चिखलात कललेली, बदकं हिंडतायत. वरून पाणी सोडून पुन्हा तरंगायला दोन-तीन तास सहज जातात. तोवर चहा ठेवायचा. पातेलं अर्धंच भरायचं, शेगडीही कललेली असते.