अनंताची नवी पानं

कुंडीतल्या अनंताचं आज उलगडलेलं पानही पिवळंच. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट, टोकाकडं तर जवळजवळ पांढरा. खालची जुनी पानं मात्र अजून तुकतुकीत आहेत. म्हणजे शहापुरात, जुन्या घरी फुटलेलं सगळं धड, आणि इथं आल्यावर फुटलं ते एकूण एक आजारी. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

खालच्या काकू गच्चीवर वाळवण घालायला आल्या होत्या. पान उलटंसुलटं करून कानडीत म्हणाल्या, "सवळ नीर ऐतरी. हूविन गिडक्क आगि बरंगिल्ल." आई पण तेच म्हणाली, "पाणी बाधलंय गे त्याला." एवढं म्हणून आत गेली. ती हल्ली गच्चीवर फार थांबत नाही.

पाणी बाधलं हे कळतं, पण पाणी आणू कुठून? या इमारतीत बोअरशिवाय दुसरं पाणी नाही. शहापूरच्या आमच्या गल्लीत राकसकोप जलाशयाचं पाणी यायचं. रोज यायचं नाही, पण आलं की गोडं. घाटाकडचा पाऊस मार्कंडेय नदीतून त्या जलाशयात येतो, आणि तिकडच्या जांभ्या दगडात चुना जवळपास नसतोच, म्हणून ते हलकं. इथलं पाणी खोल जमिनीतून, काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपत, वाटेत चुना आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. डाळीला शिट्ट्या जास्त लागतात, साबणाला फेस येत नाही, चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो. भाच्याचा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा सातशेच्या वर. पण क्षार किती एवढंच तो मीटर सांगतो. कुठले क्षार, ते सांगत नाही. म्हणून कुंडीच्या काठावरची पांढरी पापडी सुरीनं खरवडली आणि तिच्यावर लिंबू पिळलं. फसफसून बुडबुडे आले. चुनाच तो.

गच्चीवर येणारा प्रत्येक जण खत घाल म्हणतो. शेणखत घाल, पेंड घाल, युरिया घाल. मी घालणार नाही. नत्र कमी पडलं असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी झाली असती, आणि सगळं पान सरसकट पिवळं झालं असतं. मॅग्नेशियम कमी पडलं तरी सुरुवात जुन्या पानांपासूनच होते, फक्त तेव्हा शिरा हिरव्या राहतात. पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा करपतात. नत्र, मॅग्नेशियम, पालाश हे सगळं झाडाला जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देता येतं, म्हणून कमतरता आधी म्हाताऱ्या पानांवर दिसते. लोहाचं तसं नाही. जुन्या पानात गेलेलं लोह तिथंच अडकतं. खालची पानं अशी भरलेली, आणि वरच्या कोवळ्या पानाला त्यातलं काहीसुद्धा देता येत नाही.

हे वाचल्यावर मी बराच वेळ कुंडीपाशी बसून होते. वाटणीच्या दिवशी आई अशीच... जाऊ दे, तो विषय इथं नको.

आणि याहून मला टोचतं ते दुसरंच. कुंडीतली माती शहापूरच्या अंगणातली आहे. तांबडीलाल. ती तांबडी कशामुळं, तर लोहामुळं. जांभ्याची माती म्हणजे लोहाचा गंजच की. मूठभर मातीत या झाडाला जन्मभर पुरेल एवढं लोह असेल, आणि मुळं त्यातच रुतलेली आहेत. तरी झाड भरल्या ताटावर उपाशी आहे. कारण एवढंच, की रोजच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटनं मातीचा सामू, म्हणजे पीएच, चढत गेला. अनंताला तो पाच ते सहाच्या मध्ये लागतो. मी माती डिस्टिल्ड पाण्यात भिजवून सामू मोजायची पट्टी लावली, तर आठच्या आसपासचा रंग आला. सामू एक अंकानं चढला की पाण्यात विरघळणारं लोह हजारपटीनं घटतं. हजारपट! मग मातीत किती आहे याला अर्थच उरत नाही.

आहे आणि मिळत नाही. नसतं तर निदान आणून घालता आलं असतं.

कुणी म्हणालं, गंजके खिळे पुरून ठेव. पण गंजच घालायचा तर कुंडीत तो ठासून भरलेला आहे. हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, घातला तरी असल्या मातीत त्याचाही थोड्या दिवसांत गंजच होतो. दुकानात सर्रास मिळणारं, ईडीटीए नावाच्या रसायनानं धरून ठेवलेलं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की तग धरत नाही. ईडीडीएचए म्हणून गडद तांबूस दाणे मिळतात, ते चुनखडीच्या मातीतही लोह धरून ठेवतात. महाग आहेत, पण एका कुंडीला चिमूटभर पुरतं. मागवलेत. पाण्यात लिंबूफूल टाकून बायकार्बोनेट मारायचं, हेही सुरू केलंय. बादलीत थोडं थोडं घालत पट्टीचा रंग सहाच्या आसपास येईपर्यंत. शेजारचे फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालतात. त्यांना आज सांगितलं, त्यात क्षार उलट जास्त साठलेले असतात, त्यापेक्षा फरशी पुसायला वापरा. ऐकतील असं वाटलं.

दुपारी सगळ्या कुंड्या एकेक करून पाहिल्या. बोगनवेल मजेत आहे, कोरफडीलाही काही झालेलं नाही. जास्वंदीचं वरचं पान किंचित फिकटलंय. कढीपत्ता अनंताच्याच वाटेवर आहे. मोगरा वहिनीकडं देऊन टाकला, त्यांच्याकडं नळ आहे. अनंत द्यायचा नाही. ज्याला इथलं मानवतं ते इथं सुखानं वाढेल आणि अनंताला वेगळं वाढावं लागेल, एवढं मनाशी धरलं आणि जरा हलकं वाटलं. सकाळपासून मी असं बघत होते की जणू घर बदललं त्याची शिक्षा या झाडाला झालीय. झाडाला घर कळत नाही, पाणी कळतं. आणि पाण्याचं काहीतरी करता येतं.

मृग आठवड्यावर आलाय. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. बेळगावच्या पावसात दोनशे लिटरची दोन पिंपं भरायला दिवसही लागायचा नाही. सुरुवातीच्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवायची, भोकातून भरपूर पाणी वाहून जाऊ द्यायचं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतील. मग भरून ठेवलेलं पाणी फक्त अनंत आणि कढीपत्त्याला. रोज प्रत्येकी लिटरभर धरलं तर दिवाळीनंतरही बरेच महिने निघतील. उन्हाळ्यात पुन्हा बोअर आणि लिंबूफूल. पिवळी पडलेली पानं पुरती हिरवी होतील असं मी धरून चाललेले नाही. पुढचं पान कसं येतं ते बघायचं.

रात्री जेवताना आईला विचारलं, पिंपं गच्चीवर कुठल्या कोपऱ्यात ठेवू? म्हणाली, "शहापूरची दोन आहेत की दादाकडं. चांगली जाड आहेत. माग जा त्याच्याकडं, नाही म्हणायचा नाही तो."

मी काही बोलले नाही. उद्या पेठेत जाऊन नवीनच घेते.