पत्र्यावरचा पाऊस

नाशिकला शरणपूर रोडपासून जवळच माझं छोटं केंद्र आहे. लोकांची ऐकण्याची तपासणी करायची, कानाचं मशीन बसवायचं, ते जुळवून द्यायचं, हे माझं रोजचं काम.

जूनचा पहिला आठवडा होता. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार आजोबा सुनेबरोबर आले होते. वय सत्तरीपुढचं. फवारणीचा ब्लोअर वर्षानुवर्षं चालवलेला, तोही कानात साधा कापसाचा बोळा न घालता. आधीच्या खेपेला बंद खोलीत हेडफोन लावून तपासलं होतं. खालच्या पट्टीचे आवाज बऱ्यापैकी कळत होते, पण २००० हर्ट्झच्या पुढे आलेख धाडकन खाली. ७० डेसिबलपर्यंत त्यांचं बोट बटणावरून हललंच नव्हतं. अशा माणसाला कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. स, श, फ ही अक्षरं गळूनच पडतात. मग घरचे ओरडतात, ओरडण्याने शब्द आणखी फाटतो, आणि माणूस हळूहळू नुसती मान डोलवायला लागतो.

बॅटरीवरचं केशरी स्टिकर काढून ती मिनिटभर तशीच ठेवली, हवा लागल्याशिवाय ती नीट चालत नाही. मशीन कानामागे बसवलं. कॉम्प्युटरवर आवाज थोडा थोडा वाढवत नेला आणि सुनेला म्हटलं, ओरडू नका, शेजारणीशी बोलता तसं बोला.

तिला सुचेचना. शेवटी म्हणाली, "आबा, चहा घ्यायचा का?"

आजोबा दचकले. तिच्याकडे बघतच राहिले. "परत बोल."

ती परत बोलली.

"आवं, एवढा मऊ आवाज हाय व्हय हिचा?"

आठ वर्षं झाली होती तिला त्या घरात येऊन. आठ वर्षांत त्यांनी तिचं फक्त ओरडणं ऐकलं होतं. सून तापट आहे असाच त्यांचा समज होता, हे त्यांनी तिच्यासमोरच सांगून टाकलं. तिने पदर तोंडाला लावला, तेव्हा हातातल्या बांगड्या वाजल्या आणि आजोबांची मान त्या आवाजाकडे वळली. एवढ्या वर्षांच्या कामात मी असा चेहरा क्वचितच पाहिलाय.

मशीन रात्री काढून ठेवा, पाण्यापासून जपा, हे सांगायचं राहिलंच होतं, पण आजोबा उठून बाहेर गेलेसुद्धा. बाहेर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. त्यांची ही तिसरी खेप. दोन्ही वेळा मी त्यांना आलेख दाखवला होता, किमती समजावल्या होत्या, डॉक्टरांचं मत सांगितलं होतं. "म्हातारी दिसेन हो मी," एवढं म्हणून त्या निघून जायच्या. आजोबा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मला आज माझ्या सुनेचा आवाज कळला." बस, एवढंच. मग तेच चहा घेऊन आलेल्या पोराला सांगितलं. मग खाली जाऊन रिक्षावाल्याला.

शिक्षिका आत आल्या. "लावून तर बघू."

दुपारी नव्या बॅटऱ्यांसाठी ड्रॉवर उघडला, तर चर्चमधून आणलेला पत्रकांचा गठ्ठा दिसला. सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, सांगण्यासाठी प्रत्येक घराला दिला होता. माझा दोन महिने रबरबँडसकट तसाच पडून होता. माझ्या खुर्चीत बसलेला माणूस गरजेपोटी आलेला असतो. त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन आपला विश्वास त्याच्या कानात घालणं मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही. पण बाहेरही मी गप्पच असायचे. आपल्यात धीर नाही, असं स्वतःला बोल लावत राहायचे.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातली बहिऱ्या माणसाची गोष्ट या कामामुळे मला पाठच आहे. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटं घालतो, उसासा टाकतो आणि म्हणतो, "इफ्फाथा", मोकळा हो. मी नेहमी तिथेच थांबायचे. त्या दिवशी पुढचं आठवलं. कुणाला सांगू नका, असं येशूने बजावलं होतं. आणि जितकं बजावलं, तितके लोक जास्तच सांगत सुटले. त्यांच्यावर कामगिरी सोपवलेली नव्हती. उलट मनाई होती!

शरणपूरची ख्रिस्ती वस्ती १८५४ सालची. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे वाढली, शिकली, आणि १८७०च्या दशकात त्यांतले काही पूर्व आफ्रिकेत मोम्बासाजवळच्या फ्रिअरटाउन या सुटका झालेल्या गुलामांच्या वस्तीत गेले. सुवार्ता सांगणारेही त्यांच्यात होते. 'सुटका' या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नसेल. लहानपणी हे ऐकताना मला ते फार धाडसी वाटायचे. आता वाटतं, त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं.

माझ्याकडे नव्हतं का?

संध्याकाळी रिसेप्शनवरची मुलगी दोन कप चहा घेऊन आत आली. "मॅडम, आज तुम्ही वेगळ्याच दिसताय." तिला आधी आजोबांचं बोलले, आणि मग माझंही सांगून गेले. वडिलांच्या घरावरून भावाशी सहा वर्षं अबोला होता. एका रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या बलिदानाच्या आठवणीची, भाकर हातात घेतली आणि कळलं, की मला केव्हाच क्षमा झालीये, हिशेब मीच धरून बसलेय. इतकं हलकं वाटलं की घरी न जाता तशीच भावाकडे गेले. दार त्यानेच उघडलं. "जेवून आलीस का?" एवढंच त्याने विचारलं. हे सांगताना माझा आवाज कापत होता, पण भीतीने नाही. येशूचं नाव त्यात आपसूक आलं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे तुम्ही आजवर कधी बोलला का नाहीत?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने पत्रक मागितलं नाही, मी दिलं नाही. कप उचलताना ती दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "माझी मोठी बहीण दोन वर्षं बोलत नाहीये माझ्याशी." मी तिला पुन्हा बसवून घेतलं. केंद्र बंद करायला त्या दिवशी साडेआठ वाजले.

आठवड्याभराने रात्री फोन आला. निफाडचे आजोबा. मला वाटलं, मशीन शिट्टी मारतंय की काय.

"नाय ओ ताई, तक्रार नाय काय. पत्र्यावर पाऊस पडतोय." आणि त्यांनी फोन वर पत्र्याकडे धरला.